जानराव मास्तरांची भोंग्यावरील स्वारी

शके अठराशे सत्त्याण्णव, चैत्रमास, इंग्रजी चौदावी एप्रिल, ते दिवशी शेलूबाजारानजीक आमचे वस्तीत जी मोहीम जाहली, तिची हकीकत लिहिणे ऐसीजे. राजश्री जानराव मास्तर, सायन्सबहाद्दर, बी. एस्सी. दोन वेळ नापास, यांचा पराक्रम दुसरा कोणी लिहीना; सबब मास्तरांनी तो स्वहस्तेच लिहिला आणि जेथे फजिती जाहली तेथेही लेखणी आखडती घेतली नाही.

कारण ऐसे की, जयंतीचे सायंकाळी विजयमाला, वस्तीतील पहिली मॅट्रिक पास कन्या, विहाराचे ओट्यावरून भाषण करणार. तिचे आजोबा ग्यानबा मांडीचे हाड मोडून खाटेस खिळलेले आणि घर नाल्यापलीकडे. अक्षरओळख त्यांस नाही, परंतु नातीचे भाषण कानी पडावे एवढीच हौस उरली होती. मास्तरांनी भर बैठकीत छाती पुढे काढून वचन दिले की, आवाज खाटेपर्यंत पोचवू. मग भाड्याचा ॲम्प्लिफायर आणविला आणि ग्यानबांचे दारच्या निंबावर भोंगा चढविला आणि सकाळी ओट्यावरून हॅलो म्हटले, तो निंबाखाली माशी गुणगुणावी इतकाच आवाज.

मसलत बसली. ॲम्प्लिफायरचे पाठीस तीन खुंट्या, चार, आठ आणि सोळा ओहमच्या. भोंग्याचा इम्पीडन्स, म्हणजे दिशा पालटत्या विजेस तो जितका अडवतो तो आकडा, ज्या खुंटीशी जुळेल तेथेच तार जोडावी, ऐसा शास्त्राचा कायदा. परंतु भोंग्यावरील आकडा गंजाने खाल्लेला. आणि मास्तरांनी तार चारास जोडिलेली, कारण ती खुंटी हाताशी होती. सबब भोंगा उतरविण्याचा हुकूम सुटला आणि शाळेतून मीटर आणि ग्राफपेपर ऐसी कुमक दाखल जाहली.

आता भोंग्यात वीज कोणती सोडावी, हा पेच. प्रथम बॅटरीचे सेल नामजाद केले. त्यांनी बारा ओहम दाखविले आणि बाराची खुंटीच नाही. सेलाची वीज पालटत नाही, तिची साक्ष अपुरी, ऐसे ठरून सेल बडतर्फ. मग विहारातली विजेची लाइन पाचारण केली. तिने विहाराचा फ्यूज उडविला आणि मास्तरांस ओट्याखाली उतरविले. तेव्हां मास्तरांस सायकलचा डायनॅमो स्मरला. पायडल जितके जोरात, तितकी वीज लवकर पालटे, ही अक्कल सुचल्यावर त्यांनी स्वतःची पाठ थोपटली, कारण शेजारी कोणी थोपटीना.

सायकल स्टँडावर चढविली आणि स्वारपदी बेबीताई, विजयमालेची आई, यांची नेमणूक जाहली. मास्तरांनीच पायडल मारिले तर आकडे कोण मांडिता? मग बेबीताई पदर खोचून भर दुपारी दोन तास पायडल मारित्या जाहल्या आणि मास्तर सावलीत बसून वेग वाढविण्याची फर्माने सोडीत गेले आणि ग्राफावर एकेक ठिपका पडत गेला. ठिपके बारावरून चढले, सोळास पोचले आणि तेथेच ठाण मांडून बसले. मास्तरांनी आरोळी ठोकली आणि तार सोळाचे खुंटीस जोडिली.

बेबीताई घामाने निथळत उतरल्या आणि पुसत्या जाहल्या, "मास्तर, खुंट्या तं तीनच हायेत. तिन्हीले लावून काहून नाही पायलं?"

ॲम्प्लिफायर जळण्याची धास्ती होती, हे उत्तर मास्तरांस दोन दिवसांनी सुचले. ते समयी त्यांनी ग्राफपेपराची घडी घातली.

सायंकाळी भोंगा पुन्हा निंबावर चढला आणि सभा भरली. मास्तरांनी तपासणीनिमित्त माइक हाती घेतला, तो सोडवेना. इम्पीडन्स म्हणजे काय, सेल कैसे पडले, डायनॅमो कैसा लढला, हे सर्व अर्धा तास सांगितले. विजयमाला कागद धरून बाजूस उभी. परंतु नाल्यापलीकडची खबर येईना. आवाज पोचला नाही तर त्या म्हाताऱ्यास तोंड कैसे दाखवावे?

इतक्यात ग्यानबांचे खाटेपाशी बसविलेला पोरगा देवमन धावत आला आणि ग्यानबांचे फर्मान भर सभेत जैसेचे तैसे सांगता जाहला, "मास्तर, समदं आयकू येऊन राह्यलं. आता तुमी खाली बसा, अन् माह्या नातीले बोलू द्या."

सभा हसली. मास्तरांचे डोळे भरून आले. इतके गोड बोलणे त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. येणेप्रमाणे वचन पुरे जाहल्याची साक्ष पडली, आणि सायन्सबहाद्दर खाली बसले, आणि विजयमाला बोलू लागली.