गारगोटीची परीक्षा

प्रीतीला बघायला पाहुणे येणार म्हणून कुंडलिकरावांनी मोहने गावातल्या आपल्या घरात काय करायचं बाकी ठेवलं? भिंतींना रंग दिला, पंखे पुसले, शेजारच्या वैशालीताईंचा काचेचा टीपॉय दोन तासांसाठी मागून आणला. बत्तीस वर्षांच्या लेकीचं हे सातवं स्थळ. हेही गेलं तर बायको, भीमाबाई, आपल्याशी बोलणं टाकणार, याची त्यांना खात्री होती.

मुलगा सिद्धेश आपल्या बाबुरावमामांच्या मागून आला आणि मामांच्या शेजारी मुकाट बसला. जय भीम झाला, पोहे झाले, प्रीतीचा पगारही विचारून झाला. मग बाबुरावमामांची नजर शोकेसमधल्या पारदर्शक दगडावर गेली.

"काचेचा ना?"

"छे हो, गारगोटी! खडवलीच्या नदीत सापडलेली. क्वार्ट्झ म्हणतात ना, तो."

"क्वार्ट्झ घड्याळात असतो."

"तोच हा! सेलची वीज मिळाली की ठरलेल्या गतीने थरथरतो, म्हणून तर घड्याळ वेळ पाळतं."

"काच आहे," मामांनी निकाल दिला.

कुंडलिकरावांची तीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेली. अशा माणसाला एक वेळ म्हातारा म्हणावं, पण चुकलात म्हणू नये. भीमाबाईंनी वटारलेले डोळे वाया गेले. "खरी गारगोटी काचेवर ओरखडा काढते, हे बघा," म्हणत त्यांनी दगड टीपॉयवर ओढला. करर्र! चांगली वीतभर रेघ उमटली.

"टीपॉय प्लास्टिकचा असेल," मामा म्हणाले.

"प्लास्टिक कसं असेल? वैशालीताईंनी दुकानातून पारखून आणलाय!"

झालं, उसना टीपॉयही उघडा पडला. भीमाबाईंनी कपाळावर हात मारला. मामांना मात्र चेव चढला. त्यांनी सिद्धेशच्या मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं.

"मी दिलंय त्याला, दुबईचं. सफायर ग्लास. काढा यावर ओरखडा!"

"नाही उठणार. खरं सफायर गारगोटीपेक्षा कडक असतं."

"मग घाबरता कशाला?"

करर्र!

घड्याळाच्या काचेवर आडवी रेघ आली; सफायर नव्हतंच ते. आयुष्यात इतकं बरोबर ठरून इतकं वाईट कुंडलिकरावांना कधी वाटलं नव्हतं. मामा चहा न घेताच उठले, भाचाही उठला.

संध्याकाळी वैशालीताई आल्या, रेघेवरून बोट फिरवलं आणि टीपॉय घेऊन गेल्या. भीमाबाईंनी तर दुपारपासूनच बोलणं टाकलं होतं. कुंडलिकराव भिंतीकडे बघत बसले. सगळं आपल्याच हाताने घालवलं! तेवढ्यात फोन वाजला.

"काका, सिद्धेश बोलतोय. मामांनी पाच मुली नापास केल्यात. आज पहिल्यांदा ते रस्ताभर गप्प बसलेले. माझा होकार आहे."

कुंडलिकरावांचे डोळे भरून आले. "प्रीते, अगं होकार आला! मुलगा स्वतः बोलतोय!"

प्रीती कप पुसत होती. "मामांच्या शेजारी बसून तोंड नाही उघडलं त्याने, बाबा. हेच मामांसमोर बोलायला सांगा. मग माझंही हो."

निरोप द्यायला त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे मामांचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"राँग नंबर, मामा," सिद्धेश म्हणाला.