मास्तरांची लिमलेटची गोळी

फोटो पार काळा आला होता. कोळशाच्या ढिगावर काळं मांजर बसावं तसा. आमच्यातल्या कंपाउंडरने तो दोरीला चिमट्याने लावला आणि मान खाली घालून उभा राहिला. आम्ही हसायच्या बेतात. चौधरी मास्तर उठले, चष्मा कपाळावर सरकवला, फोटोला नाक लागेल इतके जवळ गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "अंधार फार छान उतरलाय. कुठंच फाटला नाही." मग दोन पावलं मागे सरकून, "आता एकच विचारतो. यात होतं काय?"

कंपाउंडरने तोंडातली गोळी गालात सारली. "दीपमाळ."

"वा! जागा चांगली निवडली. पुढच्या खेपेला दिवे लागल्यावर जा."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर कंपाउंडरने कॅमेरा विकून टाकला असता. मास्तरांनी सांगितलं म्हणून तो आठवड्यात परत गेला.

मी चौथी शिकलेला माणूस. भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होतो. माझ्या हाताला पाना शोभतो, पेन नाही. तरी हे लिहायला बसलो, कारण माझी बायको गेली तेव्हा घरात तिचा चेहरा दिसेल असा एक फोटो नव्हता, आणि आज आहे. तो मास्तरांमुळे आहे.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. एकटा जीव, लग्न केलेलं नाही. दर रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही सहा-सात जण जमायचो. एक शिंपी, एक कंपाउंडर, बाकी बरेचसे रेल्वेवाले. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी, दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे. आठवडाभरात जे काढलं असेल ते तिथं टांगायचं. आणि ज्याचा फोटो असेल त्याच्या तोंडात मास्तर लिमलेटची गोळी द्यायचे. गोळी विरघळेपर्यंत त्याने बोलायचं नाही, मास्तरांनी विचारलं तरच. बाकीच्यांनी बोलायचं, आणि तेही आधी तीन चांगल्या गोष्टी सांगून.

"फोटो काढणारा बोलायला लागला की फोटो गप्प होतो," असं मास्तरांचं म्हणणं.

मला ते तीन चांगल्याचं झेपायचं नाही. शिंप्याने एकदा स्वतःच्या बकरीचा फोटो लावला. मी म्हटलं, "भिकार."

"यशवंतभाऊ, भिकार हा शेवट झाला," मास्तर म्हणाले. "सुरुवातीपासून सांगा."

"बकरी जिवंत आहे."

"झाली एक."

"दोन्ही शिंगं आली."

"झाल्या दोन."

"शिंप्यापेक्षा बकरी बरी दिसते."

शिंपी गोळी थुंकून माझ्या अंगावर आला. मास्तरांनी मात्र तिन्ही धरल्या.

वर्गाबाहेरही त्यांचं हेच. एकदा स्टेशनजवळच्या खानावळीत आम्ही शेवभाजी मागवली. तर्री बोटभर, शेव औषधाला. मी तोंड उघडणार तोच मास्तर मालकाला म्हणाले, "रंग सुरेख आलाय, शेटजी. वासही खरा. आता एकच विचारतो, शेव येते आहे का मागून?" मालक लाजला. वाटीभर शेव आली. मी भांडलो असतो तर होती ती ताटलीही गेली असती.

आता माझे फोटो. मी फक्त वाफेची इंजिनं काढायचो. ती एकेक करून भंगारात चालली होती, आणि माझा सगळा जन्म त्यांच्या पोटाखाली गेला होता. एका ड्रायव्हरकडून बारा फोटोंचा डबा-कॅमेरा घेतला. शेडमध्ये फोटोला बंदी होती, पण फोरमनसाहेब तेवढ्यापुरते पाठ फिरवून उभे राहायचे. पण नुसत्या इंजिनाच्या फोटोवरून त्याचा आकार कळत नाही. म्हणून बायको जेवणाचा डबा घेऊन आली की मी तिला चाकापाशी उभी करायचो. मापाला.

तिचं माहेर दोंडाईचाचं, बोली अहिराणी. ती पदर सारखा करत चिडायची. "मी काय मोजपट्टी शे का? दर खेपले मालेच उभं करतस!"

"हलू नको. चाक पुसट येईल," मी म्हणायचो.

नऊ वर्षं हे चाललं. मास्तर दर वेळी धूर छान, लोखंड छान, उजेड छान म्हणायचे आणि मग तिच्यावर बोट ठेवायचे. "आता एकच विचारतो. या कोण?"

"घरचीच आहे. मापाला उभी केली."

"इंजिन उद्याही इथंच आहे, भाऊ. एकदा वहिनींना जवळून घ्या."

मी गोळी कडाकडा चावून खाल्ली. घरी येऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मास्तरले अक्कल शे." पुढच्या रविवारी मी परत इंजिनच लावलं. ती कोपऱ्यात, नखाएवढी.

गेल्या थंडीत ती गेली. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. तेराव्याला मेहुणा हार घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, फोटो कुठं लावलाय?" माझ्या घरात निगेटिव्हसकट दोन ट्रंका भरून फोटो. प्रत्येक इंजिनाचा नंबर वाचता येतो. तिचं नाक कुठं, ओठ कुठं, एकातही कळत नाही. हार पाटावर ठेवला, नुसत्या पाटावर. मी घरामागे जाऊन बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने. मला लाज वाटत होती.

उन्हाळा लागला तेव्हा दोन्ही ट्रंका हातगाडीवर टाकून मास्तरांकडे नेल्या. म्हटलं, "यातून ती काढून द्या."

त्यांनी तीन चांगल्या गोष्टी सांगितल्या नाहीत. काहीच विचारलं नाही. ट्रंका आत ओढून घेतल्या.

न्हाणीघरात त्यांचं फोटो धुवायचं चालायचं. मे महिना लागला. आमच्याकडे मेमध्ये नळाला चहासारखं कढत पाणी येतं. त्या पाण्यात औषध बिघडतं, फोटो करपतो. म्हणून मास्तर रोज पहाटे बर्फाच्या गाडीवर जायचे, गोणपाटात बर्फ बांधून सायकलवर आणायचे आणि औषधाची तबकं त्यावर ठेवायचे. बर्फ आहे तोवर काम. शाळेला सुट्टी होती, ती सगळी त्यांनी यात घातली. एका निगेटिव्हमध्ये तिने मान वळवली होती. एकीत डोळ्यांवर पदराची सावली. अशा किती बाद केल्या, मला सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी बोलावलं आणि फोटो हातात दिला.

नखाएवढ्या बाईचा चेहरा तळहाताएवढा केला होता, म्हणून रव्यासारखे दाणे उठले होते. नाक जरा धुरकट. पण तीच होती. ओठ घट्ट मिटलेले. झालं का तुमचं, भाकरी गार होते, असं म्हणायच्या आधी मिटायची तसे. मी बघत बसलो. मास्तर भिंतीला टेकून उभे. मग म्हणाले,

"भाऊ, शेवटच्या वर्षाचे फोटो मी सगळे ओळीने लावून पाहिले. बांगड्या दर खेपेला कोपराकडे सरकत गेल्यात. खांद्याचं हाड वर आलंय. तेव्हाही मला दिसलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "फोटोवर बोलायचं, माणसावर नाही, म्हणून गप्प बसलो. तुम्हाला एका शब्दाने बोललो असतो तर..."

एवढी वर्षं या माणसाने आमच्यापैकी कुणाला दुखवलं नव्हतं. आणि स्वतःला मात्र त्या बर्फाच्या खोलीत महिनाभर सोलत बसला होता. ज्या बाईला तो कधी भेटलाही नव्हता, तिच्यासाठी.

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "मास्तर, ती रोज माझ्यापुढं ताट वाढायची. त्याच बांगड्या. मला नाही दिसलं. तुम्ही निदान बघत तरी होता." आणि म्हटलं, "तिला नऊ वर्षं कुणीतरी नीट बघितलं, हे मला आज कळलं. बरं वाटलं."

ते चष्मा पुसत राहिले. त्यांच्या चुलीकडे माझी नजर गेली. एक पातेलं, एक पेला, एक ताटली. इतक्या रविवारांत आमच्यातल्या कुणी त्यांना घरी जेवायला बोलावलं नव्हतं. मीही नाही. त्यांच्या गोळ्या फुकट खाल्ल्या फक्त.

"चला घरी," म्हटलं. "खिचडी टाकतो. मला तेवढीच येते."

आले. फोटो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघे खाली बसलो. खिचडी बुडाला लागली होती. मास्तरांनी दोनदा घेतली, वर शेंगदाण्याचं तेल मागितलं. ताटली स्वतः घासून पालथी घातली.

दारात चपला घालता घालता म्हणाले, "उद्या पण खिचडीच का?"

म्हटलं, "येताना वांगी घेऊन या. भरीत जमतंय का बघू."