चौथ्यांदा उलटवायचं नाही

माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर ती हातात घेताच हमीद सरांनी कानावरची पेन्सिल काढली. बाकीची माणसं पत्रिका वाचायला चष्मा शोधतात. सरांनी ‘आग्रहाचे निमंत्रण’मधला ‘आग्रहाचे’ शब्द खोडला.

“आग्रह तं मी जेवाले बसल्यावर दिसन. आतापासून कोन म्हन्ते?”

पुढे ‘भव्य मंडप’मधलं ‘भव्य’ गेलं. ‘शुभविवाह’पाशी मात्र पेन्सिल थांबली. सर माझ्याकडे बघत म्हणाले, “याले संदर्भ नाही. पन राहू दे. बहीन तुही हाय.”

हमीद सर पिंपळगाव राजात चित्रकला शिकवून निवृत्त झाले. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तो हात सरांकडे आला होता. सगळ्या गावात कुणाच्याही विशेषणाला त्यांच्यापासून संरक्षण नव्हतं. चौकात ‘युवकांचे हृदयसम्राट’ असा फ्लेक्स लागला की त्याखाली उभे राहून ते मोठ्यानं विचारायचे, “कोन म्हन्ते?” आणि ज्याचा फ्लेक्स तो शेजारच्या टपरीवर मान खाली घालून चहा पीत राहायचा. ‘गरमागरम कचोरी’च्या पाटीवाल्याला त्यांनी कचोरीला बोट लावून सुचवलं होतं, “सकाळी गरम, असं लिही बाप्पा. खोटं नको.” त्यानं खरंच तसं लिहिलं, आणि सकाळचं गिऱ्हाईक वाढलं, असं सर सांगतात. कचोरीवाला तसं सांगत नाही.

निवृत्तीनंतर सरांना इंटरनेटवरचा मुक्त ज्ञानकोश सापडला. तिथे कुणीही लेख लिहू शकतो, कुणीही दुरुस्त करू शकतो. अट एवढीच की लिहिणं तटस्थ हवं, जाहिरात नको, आणि प्रत्येक दाव्याला संदर्भ हवा. म्हणजे अख्खा ज्ञानकोश सरांच्याच स्वभावाचा निघाला. ते दोन बोटांनी टाइप करायचे. लाइट गेली की समोरच्या शिंप्याच्या इन्व्हर्टरवर जाऊन उरलेलं वाक्य पूर्ण करायचे.

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. बीटीला ही अळी लागत नाही असं लोकांना सांगितलं होतं, पण अळीला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा चळवळीची पत्रकं काढायचो. लहानपणी आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त होती. मी अक्षरओळख त्यांच्यावर केली, त्यामुळे मला पूर्णविरामाच्या आधी उद्गारचिन्ह येत होतं.

पिंपळगावापासून अर्ध्या तासावर एक कोरडवाहू खेडं आहे. नाव सांगत नाही. तिथल्या शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे गळत होते आणि नवीन पत्र्यांसाठी गावानं लोकवर्गणी गोळा केली होती. तेवढ्यात एका कंपनीचा एजंट आला. त्याच्याकडे संवादी फळा होता : संगणकाला जोडलेला, बोट लावलं की चित्र हलणारा. शाळा समितीचे अध्यक्ष दादाराव कृषी केंद्र चालवायचे, बियाण्याच्या नव्या पाकिटावर त्यांचा जीव पटकन जडायचा. वर्गणी पत्र्यांऐवजी फळ्यावर घालायची, असा ठराव शनिवारच्या सभेत येणार होता. आणि पुरावा म्हणून एजंट ज्ञानकोशातलं पान दाखवत फिरत होता. “आम्ही नाही म्हणत, ज्ञानकोश म्हणतो!”

ज्ञानकोशात ते लिहिलं होतं त्यानंच.

सरांनी पान उघडलं. ‘शिक्षणात क्रांती घडवणारा, विद्यार्थ्यांची गुणवत्ता झपाट्याने वाढवणारा संवादी फळा...’

“झपाट्यानं म्हंजे किती?” सरांनी मला विचारलं. “सायकलवर का पायी?” आणि दोन बोटांनी लिहिलं : ‘संवादी फळा हे संगणक व प्रोजेक्टरला जोडलेले, स्पर्शाने चालणारे पृष्ठ आहे.’

मला आनंद झाला. घरी जाऊन मीही खातं उघडलं आणि पुढे जोडलं : ‘ग्रामीण जनतेच्या डोळ्यांत धूळ फेकणारे भांडवली खेळणे!’ पाच मिनिटांत ते गायब. शेजारी सरांची नोंद : ‘संदर्भ नाही. रागालाही संदर्भ लागतो.’

मी तडक त्यांच्या घरी. “सर, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?”

“पानाच्या.”

“तिकडं पोरांच्या डोक्यावर पाणी गळतंय!”

“मंग ते तिथं जाऊन सांग ना बे. पान का गळून राह्यलं?”

वर त्यांनी कुठल्याशा शिक्षण मासिकातून शोधून आणखी एक वाक्य घातलं : ‘जिथे वीज नियमित होती आणि शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, तिथे मुलांचा वर्गातील सहभाग वाढल्याचे शिक्षकांनी नोंदवले आहे.’ मी डोक्याला हात लावला. शत्रूच्या हातात हा माणूस स्वतःहून काठी देत होता.

शुक्रवारी सकाळी एजंटानं जुना मजकूर परत टाकला. सरांनी उलटवला, म्हणजे बदल रद्द करून आपला मजकूर परत आणला. दुपारी पुन्हा टाकला, पुन्हा उलटवला. लाइट गेली, सर शिंप्याकडे धावले, तिथून तिसऱ्यांदा उलटवला. प्रत्येक बदलाशेजारी सरांचं नाव दिसतच होतं; चारच्या सुमारास दादाराव आणि एजंट दोघंही सरांच्या दारात. मी आत बाजेवर बसलो होतो.

“सर, तुमच्या पेन्शनीत काही कमी पडून राह्यलं काय?” दादाराव हसत म्हणाले, पण खुर्चीवर बसले नाहीत. “गावाच्या लेकरायचं भलं होऊन राह्यलं. तुम्हाले त्यात काऊन पडाचं?”

“मी कोठी पडलो? मी फक्त ‘क्रांती’ काढली.”

“सर, मी तक्रार करू शकतो,” एजंट म्हणाला. “तुम्ही मुद्दाम एका उत्पादनाची बदनामी करताय.”

“करा ना. चर्चापानावर करा. तिथं माह्यी बी नोंद हाय, वाचून घ्या.” सरांनी चहा विचारला. ते न घेता गेले, आणि फाटकातून बाहेर पडायच्या आत एजंटानं मोबाइलवरून चौथ्यांदा ‘क्रांती’ परत आणली.

“सर, उलटवा!”

सरांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. “एका दिवसात तीन बार. नेम हाय. चौथ्यांदा उलटवलं तं तो अन् मी सारखेच.”

“मग मी उलटवतो!”

“मी पाह्यत बसलो अन् तू उलटवलं, तं ते माह्यंच झालं. अन् तू नुसतं उलटवनार नाही. वरतून शिव्या घालशीन.”

हे खरं होतं, म्हणून जास्त राग आला. सरांनी चर्चापानावर शांतपणे चार ओळी लिहिल्या : काय बदललं, का बदललं, कुणीतरी तिसऱ्यानं पाहावं. “आता वाट पाहाची,” ते म्हणाले. सभा दुसऱ्या दिवशी दहाला होती. त्या ज्ञानकोशात तिसरं माणूस कोण असतं, कुठे राहतं, त्याला आमच्या पत्र्यांशी काय देणंघेणं, हे मला कळत नव्हतं.

मी माझ्या मार्गानं गेलो. सरांचा तटस्थ मजकूर माझ्याकडे उतरवलेला होता. त्यावरून एक पानी पत्रक केलं, दीडशे प्रती काढल्या आणि पहिली प्रत सरांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वाचली. उलटून पाहिली. पुन्हा सुलट केली.

“ते सहभागाचं वाक्य कोठी गेलं?”

“जागा नव्हती सर.”

मी आजवर सरांना चिडलेलं पाहिलं होतं, थट्टा करताना पाहिलं होतं. तोंडचं पाणी पळालेलं पाहिलं नव्हतं. “जागा नव्हती,” ते नुसतं माझ्यामागून म्हणाले. मग खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला. “समासात लिही. दीडशेच्या दीडशे.”

“सर, हे वाक्य त्यांच्या फायद्याचं आहे!”

“पुरं लिही. ‘जिथे वीज’पासून. पहिला तुकडा सोडला तं मी तुह्याशी बोलनार नाही.”

मी लिहिलं. मनातल्या मनात त्यांना प्रतिगामीपासून दलालापर्यंत सगळं म्हणत, दीडशे वेळा लिहिलं.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात समिती जमली. मी पत्रकं वाटली. सर मागे भिंतीला टेकून उभे. एजंटानं लॅपटॉप उघडला, ज्ञानकोशाचं पान काढलं आणि सभेकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाला, “आपण स्वतः वाचू या!” मग पडद्याकडे वळून वाचू लागला : “संवादी फळा हे संगणक व प्रोजेक्टरला जोडलेले... स्पर्शाने चालणारे... पृष्ठ आहे.”

तो थांबला. कुणीतरी सकाळीच पान पूर्ववत केलं होतं. नाव अनोळखी, शेरा दोनच शब्दांचा : ‘जाहिरात काढली.’ मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते, जिथे पत्र्याला भोक होतं.

“बस? इतकंच हाय?” कुणीतरी विचारलं.

पण एजंट कच्चा नव्हता. त्यानं झर्रकन खाली सरकवलं. “नाही, हे पाहा! ‘मुलांचा वर्गातील सहभाग वाढला!’ ज्ञानकोशात आहे! आणि हा पोरगा जे पत्रक वाटतोय त्यात हे वाक्य लपवलं असेल, पैज लावतो!”

दादारावांनी माझ्याकडे बोट केलं. “दाखव बे.”

समितीत सुमनबाई होत्या. सही करण्याआधी कागद वाचणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ धरलं. “कायले लपवलं? यानं तं हातानं लिवलं हाय. अन् भाऊ, तुम्ही अर्धंच वाचलं. पुढचं... नाही, आधीचं वाचा ना. ‘जिथे वीज नियमित होती.’”

सुमनबाईंनी दादारावांना विचारलं, “आपल्याइथं किती घंटे राह्यते हो?”

पोरं सगळ्यात आधी हसली. मग मोठे हसले. दादाराव हसले नाहीत, पण ठराव त्यांनीच मांडला : आधी पत्रे.

मला घोषणा द्यायची होती. सरांनी माझी कॉलर धरून मला बाहेर आणलं. “चाल. एक काम हाय.”

त्यांच्या लुनाच्या पिशवीत काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश होता. शाळेमागच्या गल्लीत एका कुलूपबंद घरासमोर ते थांबले. रस्त्याकडच्या भिंतीवर फिकट पण देखणी अक्षरं होती. बीटी कापसाच्या एका जुन्या वाणाची जाहिरात : ‘भरघोस उत्पादन. खात्रीचे वाण.’ ओळ खिडकीपाशी संपत होती.

“हे माह्यं,” सर म्हणाले. “सुट्टीत पाट्या रंगवत होतो. पाकिटावर अजून एक ओळ होती. बारीक. ‘ओलिताची सोय असलेल्या जमिनीसाठी.’ खिडकी आडवी आली. खाली लिवली असती तं उंची बिघडत होती. म्हनून सोडली.”

मी गावाकडे पाहिलं. विहीर सोडा, झाडंसुद्धा मोजकीच होती.

“लोकं म्हने, सरानं लिवलं हाय. पेरलं. पावसानं वढ देली, पीक गेलं. हे घर चंद्रभानचं. लहानपनी माह्यासंगं एकाच वर्गात होता. शिडी त्यानंच धरली होती त्या दिवशी. आता पुन्याले गेटवर वाचमन म्हनून उभा राह्यते.”

“त्यांनी कधी चुना काऊन नाही मारला यावर?”

सरांनी डब्याचं झाकण उचकटलं. “मी बी विचारलं होतं एकडाव. तं म्हने, तुह्यं अक्षर हाय, कसं पुसू.” झाकण खाली ठेवत म्हणाले, “त्याच्याबाद फोन नाही केला मी.”

शेजारच्या घरातून शिडी आणली. मी ती धरली. सर वर चढले आणि खिडकीच्या पलीकडे, राहिलेल्या हातभर जागेत ती ओळ लिहू लागले. तो वाण कधीच बाजारातून गेला होता, हे मी सांगणार होतो. सांगितलं नाही. ‘जमिनीसाठी’ला उतार लागला.

खाली उतरून त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. “फोटो काढ. चंद्रभानले धाड.”

“सोबत काय लिहू?”

“काही नको.”

फोटो गेला. आम्ही ओट्यावर बसलो. सर ब्रश पुसत राहिले, तो स्वच्छ झाल्यावरही. मग फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू उचल.”

मी स्पीकर लावला. पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग एक घोगरा आवाज आला, “हमीद, बे, पह्यल्यासारखं अक्षर नाही राह्यलं तुह्यं.”

सर भिंतीकडे बघत होते.

“हाव,” ते म्हणाले. “शिडी धरनारा नवा हाय.”