उजव्या हाताचा गिअर

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आरंभीच मान्य करतो. चौतीस वर्षे मी एका सरकारी कार्यालयात आरेखक म्हणून बसलो आणि इतरांनी ठरवलेल्या पुलांच्या व मोऱ्यांच्या रेषा काढल्या. वाक्ये रचण्याचा प्रसंग आला तो रजेच्या अर्जापुरता. तेव्हा उतारवयात कागद पुढे ओढून वाचकांचा वेळ घेण्याचा मला काय अधिकार, असे पुनःपुन्हा मनात येते. परंतु ज्या गृहस्थांविषयी सांगायचे आहे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाच लिहिण्याची सवय नाही. म्हणून हे काम माझ्याकडे आले, एवढेच. चुकांबद्दल क्षमा असावी.

पनवेलला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी एक उंच, किंचित वाकलेले, खाकी अर्ध्या चड्डीतले वृद्ध गृहस्थ आमचे फाटक उघडून आत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते थेट पाण्याच्या पंपाशी गेले, हातातल्या फूटभर लांबीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्यांनी चालू पंपावर टेकवले, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी घसा साफ केला. त्यांनी हात वर करून मला गप्प केले.

"बेअरिंग गेलंय," काही वेळाने ते म्हणाले. "रविवारपर्यंत काढेल. तुम्हीच का ते नवीन आलेले?"

पंप सोमवारी बंद पडला. एक दिवस जास्त चालल्याचे त्या गृहस्थांना, म्हणजे रूबेनकाकांना, इतके लागले की दुरुस्तीनंतर ते जुने बेअरिंग खिशात घालून घेऊन गेले. ते नेमके कुठे फसले, याचा त्यांना शोध घ्यायचा होता.

समोर त्यांचे गॅरेज होते. जगातील यच्चयावत फिरणाऱ्या वस्तूंना ते कान लावीत. लग्नाच्या मांडवात वधूवरांना भेटण्याआधी ते जनरेटरला भेटत. आमच्या सौभाग्यवतींनी कौतुकाने नवा मिक्सर दाखवला, तेव्हा त्यांनी तो ऐकला आणि गंभीरपणे सांगितले, "वहिनी, हा भांडखोर निघणार. चटणीपर्यंत ठीक आहे, डाळ नका देऊ." कुणी तक्रार सांगू लागले की त्यांचे एकच उत्तर असे, "तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." तिला म्हणजे गाडीला.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाचे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते कोणत्याही हत्याराला हात लावीत नसत. मात्र शनिवारी हात पाठीमागे बांधून गल्लीतून फिरताना त्यांची मान एखाद्या स्कूटरच्या दिशेने हळूच कलत असे. ऐकणे हे काम नव्हे काय, असे मी एकदा भीत भीत विचारले.

"देवानं कानांना झाकण कुठं दिलंय, साहेब?" ते म्हणाले. "दिलं असतं तर शनिवारी लावलं असतं."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षे. त्यांपैकी एका पावसाळ्यात त्यांच्या पत्नीला, एस्तेरकाकूंना, पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. वाचा मात्र शाबूत राहिली. "तेवढी गेली असती तर ह्यांना इंजिनं नीट ऐकू आली असती," असे त्या स्वतःच म्हणत. अंथरुणात असताना त्यांनी नवस बोलला होता की उठून बसता आले तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन मलिदा करीन. तेथील एका खडकावर रथाच्या चाकाची खूण आहे. प्रेषित एलियाहू हन्नाबी स्वर्गाला जाताना तेथे टेकले, अशी या समाजाची श्रद्धा. तेथे गोड पोहे, खोबरे आणि फळे मांडून आभाराची प्रार्थना करायची, तिचे नाव मलिदा.

दिवाळीपर्यंत काकू उठून बसू लागल्या. परंतु त्यांची धाकटी बहीण मिर्यमबाई मुलांसह कायमची इस्रायलला निघाली होती आणि तिच्या तिकिटाला जेमतेम आठ आठवडे उरले होते. नवस फेडायचा तो दोघींनी मिळून, असे ठरलेले. पुन्हा भेट होईल याची खात्री दोघींनाही नव्हती आणि त्याविषयी त्या बोलतही नव्हत्या.

काकांकडे एक जुनी पिक-अप होती. दुरुस्तीचे पंप तिच्यातून जात-येत. पुढे एकसलग लांब सीट आणि तिच्या मधोमध, जमिनीतून वर आलेला गिअरचा दांडा. त्यामुळे शेजारच्या माणसाला पार दाराशीच बसावे लागे. काकांनी काकूंना बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन पाहिले. वळणावर काकू डावीकडे कलल्या, डोके दारावर आपटले, आणि त्याच क्षणी काकांचा डावा हात गिअरवर होता. ते तसेच परत आले. दिवसभर त्यांनी कुठल्याही वस्तूला कान लावला नाही.

मी धीर करून टॅक्सी सुचवली. मागे दोघांनी बसावे, काकूंना धरता येईल.

"मागच्या सीटवर पेशंट बसतात, साहेब," काका म्हणाले.

"आणि पुढच्या सीटवर बायको," आतून काकूंचा आवाज आला. "बत्तीस वर्षं मी पुढंच बसलेय. नेणार असाल तर पुढं बसवून न्या, नाहीतर मी एलियाहू हन्नाबींना सांगते, ह्यांना गाडी चालवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी चांगला चालता गिअरचा दांडा उपटून काढला आणि खालच्या भोकावर पत्रा ठोकला. पूर्वीच्या मोटारींत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेली असे. तशी ती या पिक-अपला बसवायची, म्हणजे मधली जागा मोकळी होईल, असा त्यांचा बेत. सगळ्या पनवेलला तो वेडेपणा वाटला. गव्हाण गावचा गणपत त्यांच्याकडे वेल्डिंग करीत असे. पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ माणूस. तो म्हणाला, "काका, लोक पुढं चाललं, तुमी मागं चाललाव. आता घोडंपन जुंपा!"

काकांनी मुंबईच्या भंगारबाजारातून एका जुन्या परदेशी मोटारीचा स्टिअरिंगचा खांब दांडीसकट आणला. त्या खांबापासून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची आणि सांध्यांची साखळी नेणे हे खरे काम. त्याचे आरेखन करण्याचा मान मला मिळाला.

येथे मला एक कबुली द्यावी लागते. खांब पाहताक्षणीच माझ्या ध्यानात आले की ती परदेशी मोटार डावीकडे बसून चालवायची होती. त्यामुळे दांडी खांबाच्या उजव्या अंगाला होती. आपल्याकडे उजवीकडे बसून चालवायचे, म्हणजे दांडी डाव्या हाताला हवी. ही तर दाराच्या बाजूला आली! काकांची एवढी ढोबळ चूक त्यांच्या तोंडावर कशी सांगावी? आठ दिवस मी शब्द जुळवले आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परत आलो. अखेर मी एक मार्ग काढला. दांडी डावीकडे आहे असे गृहीत धरून मी आरेखन केले. कागद पाहून चूक त्यांची त्यांनाच कळेल आणि मला काही बोलावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

काकांनी कागद पाहिला. "सुंदर," ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता की त्यांनी तो तपासलाच नाही.

पुढील तीन आठवडे मी जे पाहिले, तसे पुन्हा पाहायला मिळाले नाही. सळई तापवून ते डोळ्यांच्या अंदाजाने वाकवीत, आणि मी कोनमापक लावला की अंश बरोबर भरत असे. प्रत्येक सांधा कानाशी धरून हलवीत, आणि मला जिथे काहीच ऐकू येत नसे तिथे "बडबडतोय" म्हणून तो पुन्हा कानशीवर घेत. कार्यालयात मी हजारो रेषा काढल्या. त्यांतली एकही अशी कुणाच्या हातात जिवंत झालेली मी पाहिली नव्हती.

चाचणीच्या दिवशी गल्ली जमली. काकांनी दांडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लच सोडला, आणि पिक-अप डौलाने मागे निघाली. मागे आमचे फाटक होते. आता नाही.

"मागं चाललाव म्हनलं व्हतं ना मी!" गणपत ओरडला.

काका खाली उतरले आणि माझी क्षमा मागू लागले. मी फाटक तेथे असल्याबद्दल त्यांची क्षमा मागू लागलो. मग मला राहवले नाही. मी सर्व सांगितले, दांडी चुकीच्या बाजूला आली आहे हे, आणि न बोलता केलेली माझी दुरुस्तीही, जिच्यामुळे गिअर उलटे पडत होते.

गणपत पोट धरून हसला. "काका, साहेब बरोबर बोल्तान. उलटाच आनलाय तुमी. आमी बगितलाच नाय!"

काका हसले नाहीत. माझ्या खांद्यावर ग्रीस लागलेला हात ठेवून म्हणाले, "चार दुकानं फिरलो, साहेब, उजवीकडची दांडी मिळेपर्यंत. डावा हात मला मोकळा पाहिजे." मग म्हणाले, "पण तुम्ही बोलायला हवं होतं हो. मी ऐकलं असतं."

आठवडाभरात सळ्या उलट फिरल्या आणि गाडी पुढे चालू लागली. दांडी त्यांनी वर वाढवून स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेशी आणली. उजव्या हाताचा अंगठा चाकावर ठेवून उरलेल्या बोटांनी गिअर टाकायचा, असा सराव त्यांनी आरंभला. रोज सकाळी शेजारच्या सीटवर वाळूने भरलेली एक गोणी बसवून ते गावातून फेऱ्या मारू लागले. गोणी काकूंच्या वजनाची होती आणि वरून मुद्दाम सैल बांधलेली, म्हणजे ती वळणावर कलेल. गोणीच्या गळ्यात डावा हात टाकून निघालेले काका पाहून पानवाला सलाम ठोकी, "काय काका, नवीन वहिनी का?"

एके दिवशी मी मागे हौद्यात बसलो होतो. उरण फाट्याच्या वळणावर गोणी डावीकडे घसरली. काकांनी ती घट्ट आवळली, आणि उघड्या खिडकीतून मला त्यांचे शब्द स्पष्ट ऐकू आले.

"घाबरू नको. धरलंय मी."

मी दुसरीकडे पाहू लागलो.

मिर्यमबाईंच्या प्रयाणाला चार दिवस असताना, एका रविवारी आम्ही खंडाळ्याला गेलो. पुढे काका-काकू, मागे हौद्यात दोन खुर्च्यांवर मिर्यमबाई आणि मी, मध्ये मलिद्याचे डबे. "मला विमानाची भीती वाटत होती," डबे सांभाळीत मिर्यमबाई म्हणाल्या, "भावोजींच्या कृपेनं ती पार गेली." मागच्या काचेतून काकांचा डावा हात काकूंच्या खांद्याभोवती दिसत होता. उजव्या हाताने गिअर असे पडत होते की खुर्च्यांवर आम्हांला कळूही नये. खडकापाशी काकू बहिणीच्या आधाराने उभ्या राहिल्या, प्रार्थना झाली, पोहे वाटले गेले. दोघी बहिणी बराच वेळ चाकाच्या खुणेवरून बोट फिरवत होत्या. काका लांब उभे होते. त्या दिवशी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणलाच नव्हता.

परतताना पेण मागे पडले आणि गाडीचा वेग उतरला. तिसऱ्या गिअरमध्ये होती ती तिसऱ्यातच राहिली. सरळ मोकळा रस्ता आला तरी चौथा पडेना, कर्नाळ्याच्या चढावर इंजिन गुदमरले तरी दुसरा पडेना. मागे ट्रकची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, कुणीतरी पुढे जाताना शिवी दिली. मी मनातल्या मनात सगळे सांधे तपासले. नक्कीच माझे काहीतरी चुकले होते.

"भावोजींना झालंय काय?" असे म्हणत मिर्यमबाई काचेकडे वळल्या. मीही आत डोकावलो.

काकू झोपल्या होत्या. त्यांचे डोके काकांच्या छातीवरून घसरून उजव्या बाहीपर्यंत उतरले होते. गिअर टाकायला कोपर हलवले असते तर त्यांना जाग आली असती. दुसऱ्याच्या गाडीचे इंजिन असे कण्हताना ऐकले तर रस्त्यात उभे राहून रागावणारा तो माणूस, स्वतःच्या गाडीचे कण्हणे ऐकत, कोपर तसूभर न हलवता, पनवेलपर्यंत आला. घरासमोर त्यांनी इंजिन बंद केले आणि ते तसेच बसून राहिले. आम्हीही उतरलो नाही.

वाचकहो, तुमच्यासाठी कुणी कधी इतक्या सावकाश गाडी चालवली आहे का?