सरावापुरता स्पर्धक

"आपलं दुकान बुडणार नाही! मी चारही भविष्यकाळ पाहून ठेवलेत!" सायकल दुरुस्तीवाल्या अप्पांनी छाती फुगवून जाहीर केले, नुकतीच हवा भरलेल्या ट्यूबसारखी!

कारणही तसेच होते. समोरचा रिकामा गाळा कुणी बडा सायकलवाला घेणार, अशी कुणकुण होती. अप्पा तडक दोन दिवसांचे शिबिर करून 'सिनॅरिओ प्लॅनिंग' शिकून आले. म्हणजे काय, तर ऊन पडेल की पाऊस हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्हींची तयारी ठेवूनच घराबाहेर पडायचे. एवढे सोपे! पण सोप्या गोष्टीवर अप्पांचे समाधान कसले?

"नुसता कागद नको, रंगीत तालीम हवी!" त्यांनी मेहुण्याला फर्मावले. मेहुणा म्हणजे दुकानातला आठ वर्षांपासूनचा हुकमी मिस्त्री. "आज तू माझा स्पर्धक. समोरच्या पायरीवर बस आणि माझी गिऱ्हाइकं पळव!"

"खरंच पळवू, भाऊजी?"

"पळव म्हणतो ना! हयगय नको!"

मेहुण्याने पंप उचलला, पान्यांची पेटी उचलली, गिऱ्हाइकांसाठी बाकडेही नेले. तासाभरात तिकडे ही भली मोठी रांग! इकडे अप्पा आणि माश्या.

"अहो, तो दहा मिनिटांत पंक्चर काढतोय, वर हवा फुकट!" बायको कळवळली. "थांबवा त्याला!"

"तालीम अर्धवट सोडायची नसते," वहीत भराभर टिपणे काढत अप्पा म्हणाले. रांगेतून अप्पांचे जुने गिऱ्हाईक असलेल्या पोस्टमनने हात केला. अप्पांनीही केला!

"बरं, स्पर्धक आल्यावर काय करायचं ठरलंय तुमचं?"

अप्पांनी पान उलटले. "त्याचा सगळ्यात चांगला मिस्त्री, मागेल ते देऊन, आपल्याकडे ओढायचा."

दोघांचीही नजर समोरच्या पायरीकडे गेली. पण अप्पांचे ठरले की ठरले! तरातरा रस्ता ओलांडून ते मेहुण्यापुढे उभे राहिले.

"आमच्याकडे येतोस का? काय घेशील?"

"बघतो," नट आवळत मेहुणा म्हणाला. "इथं बरं चाललंय माझं."

"अरे, तू माझाच माणूस ना!"

"ते सकाळपर्यंत, भाऊजी. आता निम्मी भागीदारी. आणि गल्ल्यामागची खुर्ची."

रांगेने टाळ्या वाजवल्या. अप्पांनी ओठ चावला, वही पुन्हा एकदा वाचली आणि हात पुढे केला.

"पाहिलंस?" परत येताच ते बायकोला म्हणाले. "स्पर्धक एका दिवसात संपवला!"

"हो," भावासाठी खुर्ची पुसत ती म्हणाली, "आणि मालकसुद्धा."