घरपोच शिक्के

हिरानुमाबाईंच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. मी नगर कार्यालयात आकडेवारीचा कारकून, आणि मूळ अपराध माझाच.

आमच्या गावात रोज सकाळी साडेसहाला मैदानात रेडिओच्या तालावर व्यायाम होतो. जो येईल त्याच्या गळ्यातल्या कार्डावर एक शिक्का. मी सहज आलेख काढला: आडव्या रेषेवर शिक्के, उभ्या रेषेवर दवाखान्याच्या फेऱ्या, प्रत्येक वृद्धामागे एक ठिपका. ठिपके उजवीकडे खाली उतरत गेले. शिक्के जास्त, फेऱ्या कमी.

तो पाहून आमचे विभागप्रमुख ओगातासाहेब यांचे डोळे भरून आले. "निशिवाकीसान, शिक्क्यात एवढी ताकद! मग अंथरुणावरच्यांनी काय घोडं मारलंय? घरपोच द्या!"

"साहेब, धडधाकट असतो तोच मैदानात येतो, म्हणून कदाचित..."

"कदाचित कुठल्या रेषेवर आहे? आडव्या की उभ्या?"

कुठल्याच नव्हतं. मी घरपोच शिक्क्यांची यादी करायला घेतली.

महिन्याभरात हिरानुमाबाईंच्या यजमानांचं, अंथरुणाला खिळलेल्या हिरानुमाआजोबांचं, कार्ड भरलं. कार्ड भरलेला माणूस आलेखानुसार ठणठणीत. सबब त्यांना आंघोळ घालायला येणारी मदतनीस बंद करण्यात आली. बाईंनी लिहिलं: "ह्यांना कूसही बदलता येत नाही. मी ब्याऐंशीची, मला उचलवत नाहीत. अजून किती शिक्के घ्यायचे?"

मी उत्तर लिहू लागलो, तर साहेबांनी नवा आलेख मागवला: वस्तीला पाठवलेली उत्तरं आणि वस्तीतून आलेल्या तक्रारी. ठिपके चढत गेले.

"बघा! जिथे उत्तरं जास्त, तिथेच तक्रारी जास्त. उत्तरं बंद!"

लोक लिहून लिहून थकले. तक्रारी शून्यावर आल्या. साहेबांना बढती मिळाली.

काल हिरानुमाबाई खिडकीशी आल्या.

"तुम्हीच का ते ठिपकेवाले? आमचे हे कुठले, दाखवा."

मी बोट ठेवलं. एकतीस शिक्के, म्हणून उजव्या कोपऱ्यात; दवाखान्यात नेणारं कुणी नाही, म्हणून अगदी खाली.

"हे? एवढे ठणठणीत? मग सांगा ना त्यांना, उठून आंघोळ करा म्हणावं! माझं तर ऐकत नाहीत."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मला मान वर करवेना.

घरी येऊन लिहिलं: "बाई, शिक्क्याने माणूस उठत नाही, उठू शकणारा शिक्का घेतो. चूक माझी आहे. हे पत्र दाखवून मदतनीस परत मागा." खाली सहीऐवजी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, स्वतःच्या नावाचा शिक्का मारला. आज पत्र पेटीत टाकलं. वाचकहो, तुमच्याकडून मात्र अद्याप एकही तक्रार नाही. तुमचं सगळं उत्तम चाललं असल्याची नोंद मी कालच केली आहे.