धूमकेतू आणि गच्चीवरचे तीन गोल

ऑइल पेंटने गच्चीवर तीन गोल काढायचे, एवढंच मी ठरवलं होतं. त्या तीन गोलांनी सासरी माझी जी शोभा झाली तिचा राग मला अजून येतो, आणि हे लिहितानाही पेन कागदात घुसतंय.

सत्त्याण्णव सालचा एप्रिल. रोज संध्याकाळी वायव्येला शेपटीवाला धूमकेतू दिसायचा, आणि मी, बारामतीच्या एका सरकारी कचेरीतला कारकून सोमनाथ, घरी बनवलेल्या दुर्बिणीतून त्याला अर्धा अर्धा तास शोधायचो. (नुसत्या डोळ्यांनी तो शेजारच्या छकुलीलाही दिसायचा. तिचं वय चार.)

अशात कऱ्हाटीहून सासऱ्यांचा, म्हणजे ज्ञानदेव गुरुजींचा, निरोप आला. "चौदा तारखेला जयंती हाय. विहारासमोर दुर्बीण लावू. पर तीनशे माणूस रांगंत असंल. एकेकाला अर्धा तास लागाय लागला तर पुढली जयंती यील. रविवारी यून मी आदी बगतो." जमलं तर जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'खगोल मार्गदर्शक' म्हणून माझं नाव छापणार होते. तोवर माझं नाव फक्त वीजबिलावर छापून आलं होतं, तेही चुकीचं.

मी पेटून उठलो. स्टँडला दोन कोनमापक चिकटवले, एक दिशेसाठी, एक उंचीसाठी. धूमकेतू रोज कुठे असेल त्याच्या छापील तक्त्यातले आकडे दोन्हीवर लावले की धूमकेतू थेट डोळ्यात. फक्त स्टँड जागचा हलता कामा नये. म्हणून त्याच्या तीन पायांखाली ते तीन गोल. चार दिवस पहिल्याच नजरेत धूमकेतू सापडला.

अडचण एकच होती, माझी बायको करुणा. तिचं वाळवण चालू होतं. रोज सकाळी ती स्टँड उचलून बाजूला ठेवायची, कुरडया घालायची आणि उन्हं उतरल्यावर स्टँड परत गोलांवर. "हात लावू नकोस," असं मी रोज ओरडायचो. ती "बरं" म्हणायची आणि उचलायची.

रविवारी गुरुजी गच्चीत खुर्ची टाकून बसले. मी आकडे मोठ्यांदा वाचले, लावले, डोळा लावला आणि म्हणालो, "सापडला."

"शेपटी हाय का?"

"आहे ना. लांबलचक."

गुरुजींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सोमनाथराव, ही पाण्याच्या टाकीवरची ट्यूबलाइट हाय."

मी मान वर केली. दुर्बिणीची नळी दक्षिणेला होती. धूमकेतू माझ्या पाठीमागे.

"त्यो बगा तकडं. नळी फिरवा की तकडं," गुरुजी म्हणाले.

"अंदाजानेच फिरवायची तर आकडे कशाला लावायचे?" मी सासऱ्यांवर ओरडलो. (लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पहिलीच वेळ.) मग खरा गुन्हेगार आठवला. "करुणा, वर ये आधी."

ती पदराला हात पुसत आली. मी तिला, कुरडयांना आणि समस्त वाळवणाला मनसोक्त झोडपलं. माझ्या चार दिवसांच्या मेहनतीचं हिने वाटोळं केलं, हेही सांगितलं. तिनं पदर खोचला.

"अवो, आज वाळवण घातलंच न्हाय. आबा येणार म्हनून सकाळी गच्ची तुमीच झाडली."

ते खरं होतं. "पण मी स्टँड बरोबर गोलांवरच ठेवला," मी म्हणालो.

"व्हय. पर कुठला पाय कुठल्या गोलावर?"

तीन पाय, तीन गोल, सगळे सारखे. पाय एका गोलाने सरकला की अख्खी दिशाच फिरते. करुणानं वाकून एका पायाला बांधलेली लाल चिंधी दाखवली. "ह्यो पाय जिन्याकडं. मी पयल्याच दिवशी बांधलीय." (चार दिवस ती चिंधी मला दिसत होती. मी तिला पसारा समजत होतो.)

तिनं स्टँड उचलला, चिंधी जिन्याकडे केली. मी दात ओठ खात आकडे पुन्हा लावले. धूमकेतू नळीच्या मधोमध होता. गुरुजी डोळा लावून उभे राहिले, आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. पण आता ओरडायचं कुणावर, तेच समजेना.

गुरुवारी पत्रिका आली. 'खगोल मार्गदर्शक : आयु. करुणा.' माझं नाव शोधायला दोनदा पत्रिका उलटी करावी लागली. ते अगदी तळाशी, मंडप आणि लाउडस्पीकरच्या खाली होतं.

'दुर्बीण ने-आण : सोमनाथराव. (मांडणी सोडून.)'